अंजनाबाईची खडी

सगुणानं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते शेंगा फोडायचं. ओसरीवर गोणपाट, गोणपाटावर सूप, सुपाच्या अलीकडं मी आणि पलीकडं ती. चटणीपुरत्याच शेंगा होत्या. माझ्या अंगठ्यात आता जोर नाही, म्हणून मी शेंग फरशीवर ठेवून तांब्याच्या बुडानं दाबत होतो आणि मधूनमधून दाणा तोंडात टाकत होतो.

"फोडताय का खाताय?"

"नासका हाय का बघतोय."

"मग नासका थुका की. समदेच कसे गिळताय?"

हसलो दोघं. दिवस कलला. तिनं सूप पाखडलं, फोलपटं शेळीपुढं टाकली आणि कंबर धरून उठता उठता म्हणाली, "सण आला जवळ."

मी म्हणालो, "व्हय."

सकाळी ती उठली नाही.

सण म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचा हंगामाचा सण. दिवाळी सरली, बाजरी घरात आली, शेंगा निघाल्या, की एका रविवारी जो तो आपल्या रानातलं काहीतरी देवळात घेऊन येतो. कुणी कणसं, कुणी भोपळा, कुणी अंडी. वेदीपुढं रास लागते. सण जवळ आला की सगुणा दर वर्षी एवढंच म्हणायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. मी दर वर्षी 'व्हय' म्हणायचो आणि शेळीकडं बघायचो. पन्नास वर्षं. तिला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं. आता ती मातीत गेली आणि मी त्या 'व्हय'ला शिव्या देत बसलोय.

मातीच्या वेळी आमचे आताचे पाळक बोलले. पोरगेलं माणूस, मनानं वाईट नाही. पण काय बोलले! म्हणे, या घरात कधी खोटं बोललं गेलं नाही. म्हणे, ही माउली कधी कुणावर रागावली नाही. खड्ड्याच्या काठावर उभा होतो, तिथंच ओरडावंसं वाटलं. रागावली नाही कशी? सगुणा रागावली की घरातली भांडीसुद्धा दबकून वाजायची. बाजारात वजनाला हात लावणाऱ्याला तिनं भर पेठेत उभं केलं होतं. तिचा राग हेच आमच्या घरातलं खरं शिक्षण होतं, माझी प्रार्थना नव्हे. मेलेल्या बाईचा राग काढून घेतला तर मागं उरतं काय? लुगडं.

आणि परवा तेच पाळक मोटरसायकलवरून आले. चहा घेतला. म्हणाले, "आजोबा, सणाला पालकांसाठी दोन शब्द बोला. लेकरांना घरातच खरेपणा कसा शिकवायचा, चांगलं-वाईट पारखायला कसं शिकवायचं. तुमच्या घराचा सगळे दाखला देतात."

"कोन सगळे?"

"सगळेच. दुष्काळातल्या त्या कणसांची साक्ष तर मी इथं आल्यापासून ऐकतोय."

मी त्यांना जा म्हणालो. घरी आलेल्या पाळकाला जा म्हणायची आमच्यात रीत नाही. पण मी म्हणालो.

बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की लोक भेगाळलेली जमीन सांगतात. मला आवाज आठवतो. नेवाशाच्या बाजूला आमचं गाव, गावामागं माळ, आणि त्या माळावर दिवस उगवायच्या आधीपासून हातोडे. शेकडो हातोडे. कुणाचा ठोका कुणाशी जुळत नव्हता. सरकारी रस्त्याचं काम होतं, खडी फोडायची. जुन्या टायरची कडी कापून तिच्यात दगड धरायचा, म्हणजे चीप डोळ्यात उडत नाही. तरी उडायचीच. पापण्यांवर दगडाची पांढरी धूळ बसायची आणि सांजच्याला काम सुटलं की सारं गाव म्हातारं होऊन घरी निघायचं. पंचविशीतली बाईसुद्धा पिकल्यासारखी दिसायची.

अशी पंचविशीतली एक अंजना होती. आमच्याच मंडळीतली, नवरा वारलेला, पदरात एक तान्ही पोर, रानाचा तुकडा नाही. पोर झोळीत, झोळी बाभळीला, आणि ही दोन गड्यांची खडी एकटी फोडायची. मी जरा दम खाल्ला की पलीकडून हाळी यायची, "शमूभाऊ, दगडापुढं प्रार्थना चाललीय का? हाना की!" सारी रांग हसायची. मीसुद्धा.

त्या साली खायला तांबडी ज्वारी होती, परदेशातून आलेली. भाकरी थापली की फाटायची. ज्वारीत कसलंकसलं रानटी बी यायचं, एखादं धोत्र्याचंही असायचं. सगुणा आमच्या सुशीला पुढ्यात घेऊन बसायची. सुशी आठ वर्षांची. ताटात ज्वारी पसरायची आणि पोरीला वेचायला लावायची. तिचं ते बोलणं अजून कानात आहे. "खड्याचं भ्या न्हाई बाय. खडा दाताखाली आला की दातच सांगतो. धोत्र्याचं बी दान्यासारखंच गप बसून पोटात जातं. ते डोळ्यानंच वळखावं लागतं. मान्साच्या बोलन्याचं बी तसंच." शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. पाळकांना माझ्याकडून दोन शब्द हवे होते ना? हे घ्या. हे तिचे आहेत.

माझं काय होतं? माझी होती सांजची प्रार्थना. मी चौथी शिकलेला, मंडळीचा पंच, देवळात पुढं खुर्ची. घरात मी एक नियम घातला होता. प्रार्थना झाली की आमेनच्या आधी प्रत्येकानं दिवसभरात झाकलेलं एक उघडं करायचं. जे उघडं केलं त्याला मार नाही, बोलणं नाही. देवानं ऐकलं, संपलं. सुशी सांगायची, "सुकडी शाळेत दोनदा घेतली." सगुणा सांगायची, "शेजारनीला मीठ न्हाई म्हनले. हुतं." मी सांगायचो, "मुकादमावर मनातल्या मनात चिडलो." सगुणा पदराआड हसायची. एकदा म्हणाली, "तुमची पापं लई सोयीची असत्यात." मला तेव्हा ते विनोदाचं वाटलं होतं.

मग त्या साली सण आला. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी आदल्या रविवारी सांगितलं होतं, असेल ते आणा, नसेल तर हात हलवत या, देव हात बघत नाही. सांगून झालं होतं. माणसानं एवढं ऐकलं असतं तरी पुरे होतं. पण दर साली माझी बाजरी वेदीपुढं पहिली जायची. पंचाच्या घरचं म्हणून पहिलं. आणि मला हात हलवत जाववेना. काय झालं असतं? काही झालं नसतं. सारेच मोकळ्या हातानं येणार होते. पण मला वाटलं, आपण निराळे.

पुणतांब्याला माझी बहीण दिलेली, तिला गोदावरीच्या कालव्याचं पाणी. गेलो आणि बारा कणसं घेऊन आलो. उशिरा पेरलेली, दाण्यात अजून दूध. धोतरात गुंडाळून आणली, चोरासारखी.

सुशीनं धोतर उलगडलं आणि नाक आत घातलं. "आण्णा, आत्याच्या रानातली का?"

"आत्याचं रान ते आपलंच."

"मग देवळात काय म्हनू?"

"दर साली म्हनतीस तेच."

आमच्यात घरातलं थोरलं लेकरू वस्तू पुढं नेतं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतं, हे आमच्या रानातलं, देवानं दिलं, देवाला परत. सुशी तीन वर्षांपासून म्हणत होती, तोंडपाठ.

सगुणा चुलीपाशी होती. मागं न वळता म्हणाली, "पोरीच्या तोंडून वदवू नका. म्हनायचंच असलं तर तुमी म्हना."

"रीत पोरीची हाय."

"खोटं बोलायची रीत कुनाची हाय?"

मी आवाज चढवला. आवाज चढवला की मी जिंकायचो, असा माझा समज होता.

त्या सकाळच्या देवळाचा वास मला मरताना येईल. सारं देऊळ दगडाच्या धुळीचं, घामाचं, धुतलेल्या पण पाण्यावाचून नीट न निघालेल्या कपड्यांचं. वेदीपुढं चार अंडी, एक वाळका दुधी, कुणाची तरी शेणी. आणि सुशी बारा कणसं घेऊन मधून चालली, तसा हिरवा वास उठला. कितीतरी महिन्यांनी. म्हातारी माणसं डोळे मिटून वास घ्यायला लागली. एक बाई रडली. सुशी वेदीपुढं उभी राहिली, माझ्याकडं बघितलं आणि खणखणीत म्हणाली, "हे आमच्या रानातलं. देवानं दिलं. देवाला परत."

एक अक्षर चुकलं नाही. मला अभिमान वाटला! त्याची मला आज इतकी चीड येते की लिहिताना पेन कागदात घुसतंय.

तिच्या मागून अंजना आली. डोक्यावर घमेलं. तिनं ते वेदीपुढं उतरवलं. घमेल्यात खडी होती. धुऊन आणलेली, काळी कुळकुळीत. ती म्हणाली, "मला रान न्हाई. वरीसभर मी हेच पिकवलं."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी चौघे हसले.

पाळकसाहेब हसले नाहीत. हसते तर बरं होतं. ते एका हातात माझी कणसं घेऊन उभे राहिले आणि घमेल्याकडं बोट करून म्हणाले, "बघा. आभाळ एकच. एका घरानं विश्वासानं मागितलं, त्याला देवानं या सालात कणसं दिली. आणि विश्वासाशिवाय काय मिळतं? हे. दगड."

मंडळी आमेन म्हणाली. कुणी विचारलं नाही, शमूच्या रानात बाजरी आली कुठून. माझं रान काय लपलेलं होतं? सारी मंडळी रोज माझ्याच बांधावरून कामावर जात होती, नुसतं ढेकूळ बघत. पण नाकात वास गेला होता, आणि त्यांना ते खरं हवं होतं. भुकेल्या माणसाला खोटं खपवायला अक्कल लागत नाही. म्हणून मी त्यांच्यावर चिडत नाही. मी खुर्चीत होतो. वेदीपासून चार पावलांवर. नुसतं उठायचं होतं. 'साहेब, ही पुणतांब्याची' एवढे तीन शब्द. ते माझ्या तोंडात नव्हते असं नाही. तोंडात होते.

अंजना माझ्याकडं बघत होती. पाळकांकडं नाही, माझ्याकडं. तिनं बराच वेळ दिला मला. मग घमेलं उचललं, बाहेर गेली आणि पायरीवर ओतलं. तो आवाज आत सगळ्यांनी ऐकला. ती परत देवळात आली नाही. त्या वर्षी नाही, नंतर नाही. तिचं नाव पडलं 'दगडवाली'. अविश्वासी बाई. पुढं तिच्या पोरीचं लग्न झालं तर मंडळीतलं कुणी गेलं नाही, आणि न जाणाऱ्यांत पहिला मी होतो. हसू नका. भ्याडाला पाय असतात, पण ते ठरावीक गल्लीत वळत नाहीत.

त्या सांजेला प्रार्थना झाली. आमेनच्या आधी सुशीची पाळी आली. ती म्हणाली, "आज मी देवळात खोटं बोलले."

नियम माझा. उघडं केलं त्याला मार नाही. मी तिच्या थोबाडीत मारली.

पोरगी रडली नाही. ती नियमाचा विचार करत असावी. सगुणा उठली, तिनं सुशीला आपल्या मांडीवर घेतलं, आठ वर्षांची घोडी, आणि मला म्हणाली, "ती खोटं बोललीच न्हाई. बोलला तुमी. तोंड तेवढं पोरीचं वापरलं." मग पोरीला म्हणाली, "सुशे, आयक. कुनाचं पाप कुनाचं, हे वळखायला शिक. ह्ये तुजं न्हाई. ह्याचं वझं तू घ्यायचं न्हाई." मग पुन्हा मला, अगदी हळू, "मी कुनाला सांगनार न्हाई. पोर बी सांगनार न्हाई. तुमचं हाय, तुमीच सांगायचं, त्या अंजनाला, मंडळीदेखत. मी वाट बघते."

ती खरंच वाट बघत राहिली. भांडण नाही, टोमणा नाही. वर्षातून एकदा, "सण आला जवळ."

त्या सांजेला आमेन कुणी म्हणालंच नाही.

मी काय केलं या पन्नास वर्षांत? पंच राहिलो. रविवारच्या शाळेत लेकरांचा वर्ग घेतला, आणि त्यात खरेपणाचा धडा माझाच, कारण मला तो चांगला जमायचा. दर साली ठरवायचो. एका साली पाळक नवे होते, म्हटलं त्यांना वाईट वाटेल. एका साली पीक चांगलं आलं होतं, म्हटलं आनंदात विघ्न कशाला. एका साली सुशीचं लग्न ठरायचं होतं. कारणांना दुष्काळ कधी पडत नाही. ते पाळकसाहेब बदलून गेले, वारले. आमेन म्हणणारे वारले. मला वाटायला लागलं, ऐकणारेच उरले नाहीत तर सांगण्यासारखं तरी काय उरलं? हा विचार करताना मी अंजनाला जिवंतपणी मारत होतो, हे मला कळत नव्हतं असं नाही.

लोक विचारतात लेकरांना खरेपणा कसा शिकवायचा. शिकवता कशाला? लेकरं खरीच येतात. आपण त्यांच्या तोंडात आपलं खोटं कोंबतो आणि वर रोज प्रार्थनेला बसवतो. माझी प्रार्थना खोटी नव्हती. हेच तर वाईट. मी अगदी मनापासून प्रार्थना करायचो.

शनिवारी सुशी आली, केडगावहून. आता तीच साठीच्या पुढं, शाळेतून निवृत्त झालेली बाई. आईच्या लुगड्यांच्या घड्या घालत होती. मी खाटेवर बसून म्हणालो, "सुशे, तुला एक सांगायचं हाय. ती कनसं."

तिनं घडी मोडली नाही. "मला कशाला सांगता? मी तिथंच होते की."

"मी तुला मारलं."

"मारलं. दुखलं. गेलं." तिनं पुढचं लुगडं घेतलं. "आईनं मला त्याच संध्याकाळी मोकळं केलं, आण्णा. मी कधी त्याचा विचारसुद्धा करत नाही. तुम्ही माझ्यापुढं रडून स्वस्तात सुटू नका."

"कुनाला सांगू मग? तुझी आई तर गेली."

"आईला सांगायचं नव्हतंच. आई नुसती वाट बघत होती." मग तिनं माझ्याकडं बघितलं, अगदी आईसारखं. "अंजनामावशी आहे ना अजून. का तिच्याही मातीची वाट बघताय?"

मला तिचा राग आला. मग मला कळलं, खूप दिवसांनी घरात कुणीतरी माझ्यावर रागावलं होतं. रात्रभर त्या रागाच्या सोबतीनं बरी झोप लागली.

सकाळी सणाचा रविवार. अंघोळ केली, पांढरा सदरा घातला. पहिली घंटा झाली तसा निघालो, आणि देवळाकडं न वळता अंजनाच्या गल्लीत वळलो. मंडळी त्याच गल्लीनं देवळाकडं निघाली होती. हातात ताटं, ताटांवर रुमाल. मला बघून सलाम घालत होती.

अंजना उंबऱ्यावर उन्हाला बसली होती, दाताला मिश्री लावत. बोळकंच झालंय, तरी लावत होती.

"कोन?"

"मी, शमू."

"लई वर्षांनी वाट चुकलास."

मी तिच्यापुढं वाकलो आणि हळूच म्हणालो, "अंजना, ती कनसं माझ्या रानातली नव्हती. पुणतांब्याची हुती."

तिनं कानाला हात लावला. "आयकू येत न्हाई. मोठ्यानं."

मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. जाणाऱ्या दोन बाया थांबल्या.

"मोठ्यानं रं. म्हातारी झाले मी."

पाळकांची मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी येऊन बंद पडल्यासारखी उभी राहिली. ताटं घेतलेली माणसं थांबली, मागची त्यांच्यावर आदळली. अंजनाला खरंच ऐकू येत नव्हतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तो हक्क माझा नव्हता.

दुसरी घंटा व्हायला लागली. मी सदऱ्याच्या बाह्या मागं सारल्या, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि घंटेच्या वरताण, पहिल्यापासून, बहिणीच्या रानापासून, ओरडून सांगायला लागलो.